४०० मिमी लेन्सचा चुकणारा ऑटोफोकस : समुद्री गरुडाच्या भक्ष्यनोंदी प्रकल्पातील कामाची नोंदवही

८ जानेवारी २०२५, आंजर्ले

काल सकाळी आठच्या सुमारास जोडीतला एक गरुड पायांत काहीतरी लांबट धरून खाडीवरून आला, घरट्याभोवती एक फेरी घालून उतरला आणि तेवढ्या वेळात मी २१४ फ्रेम घेतल्या. रात्री त्या संगणकावर पाहिल्या, तेव्हा नोंदीसाठी वापरता येतील अशा फक्त ३१ निघाल्या. त्याही पक्षी घरट्यात बसल्यानंतरच्या, म्हणजे भक्ष्य काटक्यांआड गेल्यानंतरच्या आहेत. पायांत वाम होती की समुद्रसाप, हे त्यांवरून सांगता येत नाही. वामेच्या पाठीवरचा पर शेपटीच्या टोकापर्यंत अखंड जातो, तर समुद्रसापाची शेपटी वल्ह्याच्या पात्यासारखी दोन्ही बाजूंनी चपटी असते. ओळखायला एवढा फरक पुरेसा आहे, पण तो दिसायला शेपटीची कडा फोकसमध्ये यावी लागते.

हा प्रकल्प केवळ भक्ष्याच्या नोंदींचा आहे. जोडी पिल्लांना काय आणते, किती वेळा आणते, खाडीतले किती आणि समुद्रातले किती, एवढेच मला लिहून ठेवायचे आहे, आणि त्यासाठी छायाचित्र हाच पुरावा आहे. फ्रेम धूसर आली की त्या दिवसाची नोंद गेली. ती आठवणीवरून भरण्याला मी नोंद मानत नाही. घरटे एका जुनाट रायवळ आंब्यावर आहे. त्याची नेमकी जागा या वहीत मुद्दामच लिहिलेली नाही, कारण हा पक्षी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत येतो आणि घरट्याची जागा पसरली की तिथे गर्दी होते. मी बसतो तिथून घरटे सुमारे ६० मीटरवर आहे. वाडीच्या मालकांचे घर त्याहून जवळ आहे आणि माणसांच्या त्या नित्याच्या वावराला जोडी सरावलेली आहे.

साधने अशी : ४०० मिमी, एफ/५.६ ची एकाच नाभीय अंतराची लेन्स, आणि लहान सेन्सरचा, म्हणजे एपीएस-सी मापाचा डीएसएलआर. कालचा शटर वेग १/२००० सेकंद होता, तेव्हा हात हलल्याचा किंवा पक्षी हलल्याचा दोष येथे धरता येत नाही. हात हलला तर सगळे चित्र एकाच दिशेने ओढल्यासारखे दिसते. कालच्या फ्रेममध्ये घरट्यामागची पाने रेखीव आहेत आणि पक्षीच मऊ आहे, म्हणजे हा फोकसचाच दोष आहे.

आज सर्व फ्रेम पुन्हा एकेक करून पाहिल्या आणि बसल्या बसल्या जे जाणवले होते तेही आठवून लिहून काढले. तेव्हा लक्षात आले की मी इतके दिवस ज्याला एकच तक्रार समजत होतो, त्या खरे तर तीन तक्रारी आहेत. पहिली : लेन्स मध्येच निपचित होते, बटण दाबले तरी मोटर हलत नाही, आणि कॅमेरा बंद करून चालू केला की पुन्हा चालते. दुसरी : फोकस बसल्याची खूण मिळते, पण चित्र मऊ येते. तिसरी : लेन्स या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत राहते आणि कुठेच थांबत नाही. तिन्हींना एकच कारण असेल असे धरून मी आजवर एकाच वेळी चार-चार गोष्टी बदलत आलो, आणि म्हणून कशाचा काय परिणाम झाला ते कधीच कळले नाही. यापुढे एका वेळी एकच बदल करायचा आणि त्याच दिवशी लिहायचा.

९ जानेवारी

लेन्सची काचच बिघडली आहे का, हे आधी पाहिले. पावसाळ्यात या किनाऱ्यावर काचेला बुरशी धरते, म्हणून अंधाऱ्या खोलीत मागच्या बाजूने बॅटरीचा उजेड आत सोडून प्रत्येक काच तिरक्या नजरेने तपासली. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू कुठेच नाहीत. थोडी धूळ आहे, तिचा चित्रावर परिणाम होत नाही.

नंतर कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून, पडवीच्या भिंतीवर वर्तमानपत्राचा कागद लावून, त्याच अंतरावरून दोन प्रकारे छायाचित्रे घेतली : आधी व्ह्यूफाइंडरमधून, आणि मग आरसा वर ठेवून लाइव्ह व्ह्यूमध्ये, पडद्यावर दहापट मोठे करून. लाइव्ह व्ह्यूमधल्या फ्रेममध्ये छोट्या जाहिरातींची अक्षरे स्वच्छ वाचता येतात. व्ह्यूफाइंडरमधून घेतलेल्या फ्रेममध्ये तीच अक्षरे दुहेरी, फुगल्यासारखी दिसतात. म्हणजे काच चांगली आहे. मोजणारा चुकतो आहे.

याचे कारण समजण्यासाठी कॅमेऱ्याची रचना लक्षात घ्यावी लागते. मुख्य आरशाचा मधला भाग अर्धपारदर्शक असतो, त्यातून गेलेला प्रकाश मागच्या लहान आरशावर पडून कॅमेऱ्याच्या तळाशी असलेल्या फोकस-सेन्सरकडे वळतो, आणि तो सेन्सर लेन्सच्या दोन बाजूंनी आलेल्या प्रतिमा एकमेकींपासून किती सरकल्या आहेत ते मोजून लेन्सला किती फिरायचे ते सांगतो. चित्र मात्र दुसऱ्याच सेन्सरवर, दुसऱ्याच वाटेने उमटते. या दोन वाटांच्या लांबीत केसभर फरक पडला, तरी फोकस-सेन्सर समाधानी राहतो आणि चित्र धूसर येते. लाइव्ह व्ह्यूत चित्राचाच सेन्सर पाहतो, म्हणून तिथे ही चूक संभवत नाही. दुसऱ्या तक्रारीची दिशा यातून मिळाली. पण आधी पहिली सोडवायची, कारण निपचित पडणाऱ्या लेन्सची मोजणी विश्वासाने करता येणार नाही.

११ जानेवारी

लेन्स निपचित होते त्या क्षणी ती माउंटमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यावर ती जिथे बसते त्या कड्यात, किंचित, अर्ध्या मिलिमीटरएवढी फिरवली की मोटर लगेच जागी होते, हे आज चार वेळा पडताळले. तेव्हा दोष मोटरचा नसून लेन्स आणि कॅमेरा यांच्यामधल्या सोनेरी संपर्कबिंदूंचा आहे. १९८५ च्या मिनोल्टा ७००० मध्ये फोकसची मोटर कॅमेऱ्यात असे आणि तिथून एक यांत्रिक दांडा लेन्स फिरवत असे. माझ्या लेन्समध्ये मोटर लेन्सच्याच आत आहे. तिला लागणारी वीज आणि किती फिरायचे याची आज्ञा, दोन्ही या टाचणीच्या डोक्याएवढ्या बिंदूंवरूनच जातात.

आयसोप्रोपिल अल्कोहोलने बिंदू पुसले. दिवसभर ठीक चालले. संध्याकाळी हर्णै बंदरावर मासळीच्या लिलावाच्या वेळी कुरवांवर चाचणी घेतली, तेव्हाही अडचण आली नाही.

१२ जानेवारी

सकाळी पुन्हा तेच. उजाडताना, हवा ओलसर असताना, पहिल्या अर्ध्या तासात लेन्स पाच वेळा निपचित पडली; नऊनंतर एकदाही नाही. पुन्हा अल्कोहोलने पुसले.

दुपारी पडवीत बसून तेच करत असताना मामांनी पाहिले. त्यांनी तीस वर्षे मच्छीमारी केली आहे. ते म्हणाले, "अरे, मीठ स्पिरिटात विरघळतं होय? आम्ही इंजीन आधी गोड्या पाण्याने धुतो, मग पुसतो, मग ऑइल लावतो. तू नुसता मीठ इकडचं तिकडे करतोयस." बोलणे शब्दशः खरे आहे. मीठ पाण्यात विरघळते. अल्कोहोलमध्ये ते जवळजवळ विरघळत नाही. मी दोन दिवस तेलकटपणा काढत होतो आणि मीठ तिथेच पसरवत होतो. सकाळीच त्रास का होतो याचाही उलगडा त्यातूनच झाला : हवेतली आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून घेऊन ओले होते, आणि ओले मीठ शेजारशेजारच्या बिंदूंमध्ये वीज झिरपू देते. ऊन चढून हवा कोरडी झाली की तेच मीठ पुन्हा सुकते.

दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून बिंदू पाहिले. प्रत्येक बिंदूच्या कडेला, जिथे सोनेरी धातू काळ्या प्लॅस्टिकला भेटतो, तिथे पांढुरकी, दाणेदार रेघ होती, आणि एका बिंदूची स्प्रिंग दाबल्यावर बाकीच्यांइतकी चटकन वर येत नव्हती. कॅमेऱ्यातून बॅटरी काढली. माउंटचे तोंड खाली राहील अशा रीतीने लेन्स धरली, म्हणजे थेंब आत उतरणार नाही. डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून घट्ट पिळलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाच्या टोकाने एकेक बिंदू पुसला आणि दर वेळी कापडाची नवी बाजू घेतली. अडकणारा बिंदू लाकडी दातकोरणीने वीस-पंचवीस वेळा अलगद दाबून मोकळा केला. त्यानंतर अल्कोहोल, आणि मग दोन तास सिलिका जेलच्या डब्यात. पेन्सिलच्या खोडरबराने बिंदू घासण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. मी तो घेतला नाही, कारण खोडरबर सोन्याचा पातळ मुलामा झिजवतो आणि त्याचा चुरा माउंटमध्ये पडतो.

१३ जानेवारी

उजाडल्यापासून साडेनऊपर्यंत लेन्स एकदाही थांबली नाही. आता दर आठवड्याला आधी पाणी आणि मग अल्कोहोल, हा क्रम कायम ठेवायचा. लेन्स बदलायची ती घरातच, किनाऱ्यावर नाही.

१५ जानेवारी

काल संक्रांत, काम नाही. आज दुसरी तक्रार हाती घेतली आणि पूर्ण दिवस तीतच गेला.

मांडणी पोफळीच्या बागेत केली, कारण तिथे सावलीचा एकसारखा दिवसाचा उजेड मिळतो. पडवीतल्या दिव्याखाली ही चाचणी घेणे चुकीचे ठरते, कारण दिव्याच्या प्रकाशाचा रंग बदलला की फोकस-सेन्सरची मोजणीही थोडी सरकते, आणि मला तर गरुड उन्हातच टिपायचा आहे. अंतर १२ मीटर, म्हणजे नाभीय अंतराच्या तीसपट. एका फळीवर वर्तमानपत्र उभे लावले आणि तिच्या शेजारी, शून्याची खूण बरोबर कागदाच्या पातळीत येईल अशा बेताने, सेंटिमीटरच्या खुणा केलेली बांबूची पट्टी ४५ अंशांत तिरकी टेकवली. कॅमेरा ट्रायपॉडवर, शटर दोन सेकंदांच्या टायमरने, ॲपर्चर, म्हणजे लेन्सचे प्रकाशछिद्र, पूर्ण उघडे. प्रत्येक फ्रेमच्या आधी लेन्स हाताने आलटून पालटून अनंतावर आणि अगदी जवळ नेऊन सोडली. तसे केले नाही तर लेन्स आहे तिथेच थांबते आणि आपण दहा वेळा एकच मोजमाप घेत राहतो.

दहा फ्रेमपैकी आठमध्ये कागद मऊ होता आणि पट्टीवरची सर्वांत रेखीव खूण मागच्या बाजूच्या १२ ते १४ सेंटिमीटरच्या दरम्यान होती. पट्टी तिरकी असल्यामुळे तिच्यावरचे १३ सेंटिमीटर म्हणजे प्रत्यक्ष खोलीत ९ सेंटिमीटर. लेन्स सातत्याने ९ सेंटिमीटर मागे फोकस करते आहे. सातत्य आहे ही समाधानाची गोष्ट आहे, कारण सातत्याने होणारी चूकच दुरुस्त करता येते.

१२ मीटरवर ९ सेंटिमीटर ही चूक ऐकायला क्षुल्लक वाटते, पण ती अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. घरटे ६० मीटरवर, म्हणजे पाचपट दूर आहे. चूक पंचवीसपट होते आणि फोकस घरट्याच्या सव्वादोन मीटर मागे जाऊन बसतो. ८ तारखेला मागची पाने रेखीव का दिसली त्याचे हेच उत्तर. इतके दिवस हे लक्षात का आले नाही, त्यालाही कारण आहे. ४०० मिमी आणि एफ/५.६ वर या सेन्सरसाठी ६० मीटरवरची फोकसची खोली, म्हणजे जेवढ्या अंतरात वस्तू रेखीव दिसते तो पट्टा, नेहमीच्या कोष्टकाप्रमाणे पावणेपाच मीटरच्या आसपास येते, निम्मी पुढे आणि निम्मी मागे. सव्वादोन मीटरची चूक त्या खोलीच्या अगदी काठावर बसते. पूर्ण चित्र लहान आकारात पाहिले तर ते बरे दिसते. भक्ष्य ओळखण्यासाठी त्याचा पाचवा भाग कापून मोठा केला की सगळे उघडे पडते.

कॅमेऱ्यातल्या फोकस सूक्ष्म-समायोजनाचा पल्ला उणे २० ते अधिक २० असा आहे. उणे म्हणजे फोकस कॅमेऱ्याकडे ओढणे. उणे ४, उणे ८ आणि उणे १२ या तीन मूल्यांवर प्रत्येकी दहा फ्रेम घेतल्या. उणे ४ वर रेखीव खूण अजून मागेच राहिली, उणे १२ वर ती कागदाच्या पुढे आली, आणि उणे ८ वर दहापैकी आठ फ्रेममध्ये ती शून्यावर किंवा त्याच्या एका सेंटिमीटरच्या आत पडली. उरलेल्या दोन फ्रेम इकडेतिकडे गेल्या. फेज डिटेक्शनमध्ये, म्हणजे दोन प्रतिमांचे सरकणे मोजून फोकस करण्याच्या या पद्धतीत, एवढी फेकाफेक राहतेच, आणि ती शून्यावर आणायच्या मागे लागण्यात मी वेळ घालवणार नाही. उणे ८ कायम केले.

१९ जानेवारी

समायोजन झाल्यावर घरट्यावरच्या सर्व फ्रेम स्वच्छ येतील अशी माझी अपेक्षा होती, ती तीन दिवसांत खोटी ठरली. फोकस आता पानांवर जात नाही, पण सकाळी साडेसात ते साडेआठ या वेळेतल्या फ्रेममध्ये एक स्वच्छ तर पुढच्या दोन विरघळल्यासारख्या, असा प्रकार होतो. समायोजन पुन्हा बदलण्याचा मोह झाला. तो आवरून वेगळी चाचणी घेतली : घरट्याखालच्या सुक्या फांदीवर लाइव्ह व्ह्यूमध्ये हाताने फोकस केला, लेन्स मॅन्युअलवर टाकली आणि कशालाही हात न लावता सलग वीस फ्रेम घेतल्या. लेन्स हललेली नाही, फांदी हललेली नाही, तरी वीसपैकी सहाच फ्रेम रेखीव आल्या. बाकीच्यांत फांदीची कड दर वेळी वेगळ्या ठिकाणी वाकलेली आहे. म्हणजे दोष हवेचा आहे.

भर दुपारी पुळणीवरून हवा थरथरते हे मला ठाऊक होते, म्हणून मी पहाटेची वेळ निवडली होती. पण माझी बसायची जागा खाडीच्या काठावर आहे आणि दृष्टिरेषा चाळीसएक मीटर पाण्यावरून, पाण्याला जवळजवळ लागूनच जाते. जानेवारीत पहाटे मतलई वारा डोंगराकडून थंड हवा आणतो आणि खाडीचे पाणी तेव्हा तिच्यापेक्षा बरेच कोमट असते. आज मोजले : हवा १८ अंश, पाणी २५. तापलेल्या वाळूवर जे दुपारी होते, तेच येथे कोमट पाण्यावर पहाटे होते. हवेचे कमी-अधिक तापलेले पदर एकमेकांत मिसळत राहतात, त्यांतून प्रकाश वाकत येतो, आणि ४०० मिमीची लेन्स ते वाकणेही मोठे करून दाखवते. यावर कॅमेऱ्यात कोणतेही मूल्य भरून उपाय होत नाही. फोकस-सेन्सरलाही तीच डुलणारी प्रतिमा दिसते, त्यामुळे तोही त्या हवेमागे धावतो.

२१ जानेवारी

जागा बदलली. वाडीच्या वरच्या अंगाला जांभ्याचा गडगा आहे. तिथे मालकांना विचारून, झावळ्यांचा आडोसा करून बसलो. अंतर ६४ मीटर झाले, म्हणजे थोडे वाढलेच, पण आता दृष्टिरेषा झाडांच्या सावलीतून, जमिनीपासून चार-पाच मीटर उंचीवरून जाते आणि मध्ये पाणी अजिबात येत नाही. फांदीची तीच चाचणी, त्याच वेळी : वीसपैकी सतरा रेखीव. या संपूर्ण कामात एका बदलाने पडलेला हा सर्वांत मोठा फरक आहे, आणि त्यासाठी फक्त स्टूल उचलावे लागले. जोडीने नव्या आडोशाची दखल घेतली नाही. पहिला फेरा नेहमीच्या वेळीच झाला.

२३ जानेवारी

तिसरी तक्रार, म्हणजे लेन्सचे टोकापासून टोकापर्यंत धावणे. हिची कारणे सेटिंगमध्येच निघाली. लेन्सवरचा अंतर-मर्यादेचा स्विच पूर्ण पल्ल्यावर होता. तो साडेआठ मीटर ते अनंत या खुणेवर आणला. त्यामुळे फोकस एकदा सुटला तरी लेन्स जवळच्या टोकापर्यंत जाऊन वेळ दवडत नाही. सर्व फोकस-बिंदू चालू ठेवण्याऐवजी मधला एक आणि त्याभोवतालचे चार एवढेच ठेवले. मागोवा घेण्याची संवेदनशीलता दोन पायऱ्या कमी केली, म्हणजे मध्ये एखादी फांदी आडवी आली तर लेन्स लगेच तिच्यावर उडी मारत नाही. फोकसचे काम शटरच्या बटणावरून काढून मागच्या बटणावर दिले.

नेम कुठे धरायचा, हेही बदलावे लागले. समुद्री गरुडाचे पोट पांढरे शुभ्र असते, उन्हात त्यावर छटेचा फरक उरत नाही, आणि फोकस-सेन्सरला पकडायला काहीतरी कड लागते. बिंदू पोटावर ठेवला की लेन्स धावत सुटते. पांढरी छाती जिथे राखाडी पंखाला मिळते त्या रेषेवर ठेवला की बसते.

२६ जानेवारी

दोन लहान गोष्टी. पुढचा संरक्षक फिल्टर लावून आणि काढून प्रत्येकी दहा फ्रेम घेतल्या. फिल्टर असताना लाइव्ह व्ह्यूतली अक्षरेसुद्धा किंचित मऊ दिसतात. स्वस्त फिल्टरची काच पुरेशी सपाट नसली की लांब लेन्समध्ये ते आधी जाणवते. काढून टाकला. खाऱ्या तुषारांपासून बचावासाठी हूड, आणि घरी आल्यावर पुढची काच आधी ओल्या आणि मग कोरड्या कापडाने पुसणे. १.४ पट टेलिकन्व्हर्टर, म्हणजे लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसवून नाभीय अंतर वाढवणारा जोड, या प्रकल्पापुरता बाजूला ठेवला आहे. तो लावल्यावर ॲपर्चर एफ/८ होते, या कॅमेऱ्यात एकच मधला बिंदू शिल्लक राहतो, आणि त्या जोडीचे सूक्ष्म-समायोजन स्वतंत्रपणे करावे लागते.

४ फेब्रुवारी

सकाळी ८ वाजून १० मिनिटांनी जोडीतला मोठा पक्षी, बहुधा मादी, सुवर्णदुर्गाच्या दिशेकडून आला. पायांत लांबट भक्ष्य. गडग्यावरून ९६ फ्रेम घेतल्या. लेन्स एकदाही थांबली नाही, एकदा फोकस सुटला आणि चारच फ्रेममध्ये परत बसला. संध्याकाळी मोजल्या : ७१ वापरण्याजोग्या. त्यांतल्या नऊ फ्रेममध्ये पक्षी वळताना भक्ष्याची शेपटी आडवी आली आहे. तिच्यावर पर नाही. टोक चपटे, उभ्या पात्यासारखे रुंद आहे, आणि मोठे करून पाहिल्यावर त्याच्या कडेने खवल्यांच्या ओळी दिसतात. नोंद केली : समुद्रसाप.

त्यानंतर ७ जानेवारीच्या २१४ फ्रेम पुन्हा एकदा काढून आजच्या फ्रेमशेजारी ठेवून पाहिल्या. आकार आणि धरण्याची पद्धत बरीच मिळतीजुळती आहे, पण शेपटीची कडा एकाही फ्रेममध्ये दिसत नाही. ती नोंद 'वाम किंवा समुद्रसाप, अनिश्चित' अशीच ठेवली आहे.